ताटातला आशिया आणि भटारखान्यातला माणूस

मुंबई-पुण्याच्या सुस्थित मध्यमवर्गाला गेल्या दोन-तीन दशकांत एक नवी हौस जडली आहे. उडप्याकडील इडली-डोसा, इराण्याकडील ब्रून-मस्का आणि फार तर पंजाबी तंदुरी यांपाशी ज्या वर्गाची बाहेरच्या खाण्याची कल्पना संपत असे, तो वर्ग आता जपानी आणि थाई उपाहारगृहांची वाट धरू लागला आहे. १९९३ साली कफ परेडवरील एका तारांकित हॉटेलात थाई भोजनगृह उघडले. २००४ साली अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात जपानी भोजनगृह सुरू झाले. तेव्हा ती मूठभर धनिकांची चैन होती. आज परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये, वांद्र्याच्या गल्ल्यांत आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कात सुशी, रामेन, तोम याम आणि पॅड थाई मिळते. आणि ज्यांना तेथवर जाण्याचे कष्ट नकोत त्यांच्या दारी मोटारसायकलवरचा पोरगा ते डब्यात बंद करून आणून देतो.

या हौसेविषयी आपल्या कार्यकर्त्यांत आणि सहानुभूतिदारांत दोन मते ऐकू येतात. पहिले मत उदारमतवाद्यांचे. त्यांच्या मते, ज्या समाजात कोण कोणाच्या हातचे खातो यावर माणसाची जात ठरत आली, त्या समाजातील तरुण मुले कच्च्या माशाचा तुकडा भाताच्या मुटक्यावर ठेवून निःसंकोच खातात, ही एक प्रकारे जातिव्यवस्थेवरील मातच होय. दुसरे मत आपल्यातील कठोर व्रतस्थांचे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आणे रोजावर जगणाऱ्या कोट्यवधींचा प्रश्न उभा केला. त्या परंपरेतील माणसाने एका वेळच्या जेवणासाठी मजुराच्या आठवड्याच्या कमाईएवढे बिल भरणे हा द्रोह आहे, असे ते म्हणतात. आपल्या वर्तुळाबाहेर तिसरेही एक मत आहे. ते संस्कृतिरक्षकांचे. त्यांना परकीय अन्नाचा विटाळ होतो आणि मांसाहाराचा अधिकच होतो.

या तिन्ही मतांत एका बाबतीत विलक्षण एकवाक्यता आहे. तिघांचीही नजर ताटावर खिळलेली आहे. ते ताट कोणी भरले, त्यातला मासा कोणी धरला, कोळंबी कोणी सोलली, भात कोणी रांधला, ताट कोणी पुढ्यात ठेवले आणि ते रात्री एक वाजता कोणी घासले, याची विचारपूस तिघांपैकी कोणीही करीत नाही. समाजवाद्याची विचारपूस मात्र येथूनच सुरू व्हावयास हवी. उपाहारगृह ही प्रथम कामाची जागा आहे. तेथे श्रम विकले आणि विकत घेतले जातात. ही साधी गोष्ट आपण विसरलो, म्हणून या प्रश्नावर आपल्याला उपदेश सुचतो आणि कार्यक्रम सुचत नाही.

'अस्सल' चवीची कुळकथा

या खाद्यपदार्थांभोवती जे गूढ वलय निर्माण करण्यात आले आहे ते आधी दूर सारले पाहिजे. 'अस्सल जपानी', 'अस्सल थाई' या शब्दांवर या धंद्याचा निम्मा नफा उभा आहे.

आज चांदीच्या मोलाने विकली जाणारी सुशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या ठेल्यांवर मिळणारे खाणे होते. कारागीर, हमाल आणि फिरते विक्रेते उभ्या उभ्या दोन घास खात आणि कामाला लागत. आपल्या वडापावाचे मुंबईत जे स्थान आहे तेच तिचे तेथे होते. पुढे १९५८ साली ओसाका भागात योशिआकी शिराइशी या हॉटेलचालकाने बीअरच्या कारखान्यातील फिरता पट्टा पाहून आपल्या उपाहारगृहात तसाच पट्टा बसविला. हेतू उघड होता: ताटल्या पट्ट्यावरून आपोआप गिऱ्हाइकापुढे जाव्यात आणि वाढप्यांवरील खर्च वाचावा. आज गिऱ्हाइके ज्याकडे कौतुकाने पाहतात, तो पट्टा मुळात कामगारकपातीचे यंत्र आहे.

कॅनडाच्या किनाऱ्यावरील ब्लूफिन ट्यूना जपानी ताटात कसा आला, हेही उद्बोधक आहे. १९७० च्या सुमारास जपानी विमाने यंत्रसामग्री घेऊन उत्तर अमेरिकेस जात आणि परतताना त्यांचे पोट रिकामे राही. हे परतीचे भाडे कसे भरून काढावे या विवंचनेतून जपान एअरलाइन्सच्या माणसांनी कॅनडातील ट्यूना हेरला. तेथे हा मासा हौशी शिकारी छायाचित्रापुरता धरीत आणि मग फेकून देत. १९७२ साली तो बर्फात घालून तोक्योच्या बाजारात लिलावास आला. जानेवारी २०१९ मध्ये तोक्योच्या तोयोसु बाजारात २७८ किलो वजनाच्या एका ब्लूफिनला ३३ कोटी ३६ लाख येन मोजले गेले. एका माशाची ही किंमत जपानी संस्कृतीच्या प्राचीनतेतून निघालेली नाही. विमानाच्या रिकाम्या पोटाचे अर्थशास्त्र तिच्या मुळाशी आहे.

पॅड थाईची कथा याहून वेगळी नाही. हा पदार्थ थायलंडच्या खेड्यापाड्यांतून अनादि कालापासून चालत आला, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की, फील्ड मार्शल पिबुन सोंगक्राम यांच्या राजवटीने, म्हणजे ज्या राजवटीने १९३९ साली सयामचे नाव बदलून थायलंड केले तिनेच, राष्ट्रवादाच्या मोहिमेचा भाग म्हणून तांदळाच्या शेवयांचा प्रचार केला. पुढे २००२ साली थाई सरकारने परदेशांत थाई उपाहारगृहे वाढविण्याची रीतसर योजना आखली. पर्यटन वाढावे आणि शेतमाल व मासळी यांची निर्यात वाढावी, हे तिचे उद्दिष्ट होते. २०१३ साली युनेस्कोने जपानी भोजनपरंपरेला आणि २०२४ साली थायलंडच्या तोम याम कुंग या कोळंबीच्या रश्शाला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. तो मान योग्यच आहे. कोणत्याही जनतेची पाककला आदरास पात्र असते. परंतु त्या रश्श्यातील कोळंबी ज्यांनी समुद्रातून काढली त्यांना कोणत्या संस्थेने कोणता मान दिला?

समुद्रावरचे वेठबिगार

या प्रश्नाचे उत्तर २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांनी जगासमोर मांडले. इंडोनेशियातील बेंजिना या दूरच्या बेटावर थाई मासेमारी नौकांवरील खलाशांना पिंजऱ्यांत कोंडल्याचे त्यांना आढळले. त्यांपैकी बहुसंख्य म्यानमारमधील गरीब होते. दलालांनी फसवून वा विकून त्यांना नौकांवर चढविले होते आणि त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे जमिनीवर उतरले नव्हते. या वृत्तमालिकेनंतर दोन हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. त्यांनी पकडलेली मासळी थायलंडमार्गे अमेरिकेच्या दुकानांत आणि उपाहारगृहांत पोहोचत होती. त्याच वर्षी युरोपीय संघाने थायलंडला मासेमारीबाबत ताकीद दिली आणि ती २०१९ च्या जानेवारीत मागे घेतली. त्याच महिन्यात थायलंडने मच्छीमार खलाशांच्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८८ क्रमांकाचा करार स्वीकारला. तसे करणारा तो आशियातील पहिला देश होय. पण एक कुलूप तसेच राहिले. १९७५ च्या थाई कामगार संबंध कायद्यानुसार संघटना स्थापन करण्याचा आणि तिचे नेतृत्व करण्याचा अधिकार थाई नागरिकांनाच आहे. जेथे खलाशी ब्रह्मी आणि कोळंबी सोलणारी बाई ब्रह्मी, तेथे या तरतुदीचा अर्थ काय, हे कामगार कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

'हे थायलंडमध्ये झाले, आमचा काय संबंध?' असे विचारणाऱ्यांनी रत्नागिरीस जावे. सुशीच्या वळकटीत खेकड्याचे मांस म्हणून जी लाल-पांढरी कांडी घातलेली असते, ती बहुधा खेकड्याची नसते. ती सुरिमीची, म्हणजे स्वस्त माशाचा गर धुऊन, मळून केलेल्या लगद्याची असते. ही गोठवण्याची विद्या जपानची, पण १९९० च्या दशकापासून कोकणातही सुरिमीचे मोठे उत्पादन होते आणि परदेशी जाते. त्यासाठी लागणाऱ्या माशांत प्रमुख आहे तो आपला राणी मासा. शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिले आहे त्यातही 'जापोनिकस' हा शब्द आहे, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु त्या राणी माशामागे ट्रॉलरवर राबणारा खलाशी पाहिला की गंमत संपते. कोकणच्या नौकांवर आज हजारो नेपाळी खलाशी आहेत. हंगामाआधीची उचल हाच त्यांचा करार असतो आणि नौका हेच त्यांचे घर. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत काम थांबले की बहुतेकांची मिळकतही थांबते.

दुसरीकडे, या यांत्रिक मासेमारीने पारंपरिक मच्छीमाराच्या तोंडचा घास काढला. १९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या साथीने ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला तेव्हा भारतीय कोळंबीचा प्रमुख ग्राहक जपान होता. जपानी बाजाराच्या भावावर आमच्या किनाऱ्यावरचा वर्गसंघर्ष पेटला होता, हे लक्षात घ्यावे. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, २०१६ साली पर्ससीन नौकांवर निर्बंध आले, २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीही छोट्या होडीचा मालक आजही बंदरावर मोर्चे काढतोच आहे.

कोळंबीचेही तेच. २०२३-२४ या वर्षी भारताने सुमारे ६०,५०० कोटी रुपयांची सागरी उत्पादने निर्यात केली आणि त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश किंमत गोठवलेल्या कोळंबीची होती. या कोळंबीसाठी शेतजमिनी खारट झाल्या, म्हणून तमिळनाडूतील सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन् सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनाऱ्यालगतच्या कोळंबी तळ्यांविरुद्ध कठोर निकाल दिला. २००५ साली संसदेने कायदा करून त्याच व्यवसायाला पुन्हा मोकळी वाट करून दिली. कोळंबी सोलणाऱ्या हातांची कथा तर याहून जुनी. केरळच्या गरीब घरांतील तरुण मुलींना कंत्राटदार दूरच्या राज्यांतील मासळी कारखान्यांत नेत, कारखान्यातच कोंडून ठेवल्यासारखे राहायला लावीत. १९९५ साली कोचीन येथे या स्त्रियांच्या गाऱ्हाण्यांची जनसुनावणी झाली होती. बर्फात बोटे बधिर होईपर्यंत राबणारी ती मुलगी आणि बेंजिनाचा खलाशी यांच्यातील अंतर भूगोलातले आहे, अर्थशास्त्रातले नाही.

चेहरा भाड्याने घेणे

आता किनाऱ्यावरून शहरात, भोजनगृहाच्या काचेच्या दाराशी येऊ. दार उघडताच 'इराश्शाइमासे' किंवा 'सवात दी' असे स्वागत होते. हे शब्द उच्चारणारा तरुण जपानी नसतो आणि थाईही नसतो. तो मणिपूर, नागालँड, मिझोराम येथला असतो, दार्जिलिंग वा सिक्कीमचा असतो, किंवा नेपाळचा असतो. त्याला ही नोकरी का मिळाली? त्याच्या कामाचे कौशल्य निर्विवाद आहे. परंतु मालकाने प्रथम निवडला तो त्याचा चेहरा. गिऱ्हाइकाला 'अस्सल' वातावरण हवे असते आणि आमच्या ईशान्य भारतातील माणसाच्या चेहऱ्यावर ते वातावरण स्वस्तात मिळते. डॉली किकोन आणि बेंग्ट कार्लसन या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लीव्हिंग द लँड' या ग्रंथात ईशान्येतून शहरी हॉटेल व्यवसायात येणाऱ्या तरुणांच्या या जीवनाचा मागोवा घेतला आहे. भिंतीवरचा कागदी कंदील, कोपऱ्यातला बांबू आणि दाराशी उभा केलेला माणूस: मालकाच्या हिशेबात तिन्ही सजावटीचेच खर्च आहेत.

या व्यवहाराचा क्रूर भाग पुढेच आहे. ज्या चेहऱ्यासाठी आत त्याला नोकरी मिळते, त्याच चेहऱ्यासाठी बाहेर रस्त्यावर त्याला शिवी मिळते. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या लाटेत बंगळूर आणि पुणे येथून ईशान्येकडील हजारो माणसे गाड्या भरभरून परत गेली. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निदो तानिया मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली, तिने अहवाल दिला, आणि घरभाड्याची जाहिरात पाहून आलेल्या नागा मुलीला 'तुम्ही काय शिजवता?' हा प्रश्न आजही विचारला जातो. मे २०२३ पासूनच्या मणिपूरमधील हिंसाचारात साठ हजारांवर माणसे विस्थापित झाली. घर जळालेल्या तरुणाने मुंबईत येऊन डोक्यास जपानी फडके बांधावे आणि हसतमुखाने वाकून नमस्कार करावा, ही आमच्या प्रजासत्ताकाची प्रगती!

समाजवाद्यांना या प्रसंगी एका घटनेची आठवण व्हावयास हवी. मे १९६४ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी डॉ. लोहिया एका उपाहारगृहात गेले. तेथे केवळ गोऱ्यांनाच प्रवेश होता. त्यांना नाकारण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. आपल्या कातडीच्या रंगावरून माणसाला जेथे बसू देत नाहीत तेथे जाऊन बसणे, हे त्यांना लोकसभेतील भाषणाइतकेच राजकीय काम वाटले. आज प्रश्नाचे रूप उलटे आहे. आज चेहऱ्यावरून माणसाला दाराबाहेर ठेवले जात नाही. चेहऱ्यावरून त्याला दाराशी उभे केले जाते. अपमानाची जात तीच आहे. लोहियांचे नाव घेऊन या भोजनगृहांच्या महागाईवर टीका करणाऱ्या साथींनी त्यांचा जॅक्सनचा धडाही लक्षात ठेवावा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: 'या धंद्याने रोजगार दिला, तुम्ही त्यावर का उठता?' रोजगार दिला हे खरे. गिरणीमालकांनीही दिला होता. रोजगार दिल्याबद्दल मालकाचे आभार मानून गप्प बसायचे असते तर मुंबईत आठ तासांचा दिवस आलाच नसता. शिवाय हा रोजगार कोणत्या अटींवर आहे? बहुतेक ठिकाणी नेमणूकपत्र नाही, 'ब्रेक शिफ्ट'च्या नावाखाली सकाळी अकरा ते रात्री बारा अशी बांधिलकी, एका खोलीत आठ-दहा जणांची राहण्याची सोय, आणि नोकरी सुटली की त्याच दिवशी बिऱ्हाडही सुटते. यात सरकार भर घालते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे दैनंदिन तास ९ वरून १० करण्यास आणि कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेण्यास मंजुरी दिली. दहा-पंधरा माणसांवर चालणारे लहानसे जपानी उपाहारगृह नेमके या फटीतून निसटते. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. कामगारांचे कायदे एकत्र करताना कामगार मात्र विखुरलेलाच राहील याची काळजी त्यांत घेतलेली दिसते.

दुसरा आक्षेप: 'खाणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे.' खाणे खाजगी असेल. वाढणे खाजगी नाही. गंमत अशी की, बिलातील रकमेचा प्रश्न आला की हाच वर्ग अत्यंत सार्वजनिक वृत्तीचा होतो. बिलात सक्तीने लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काविरुद्ध ग्राहकांनी आवाज उठविला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. ग्राहकाची लूट थांबली हे उत्तम झाले. परंतु ज्या सेवेच्या नावाने हे शुल्क घेतले जात होते ती सेवा करणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडत होते, आणि शुल्क गेल्यावर त्याच्या पगारात काय भर पडली, हा प्रश्न या साऱ्या वादात किती जणांनी विचारला? ग्राहक जागा झाला. नागरिक अद्याप झोपलेलाच आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. 'अशा ठिकाणी पाऊल टाकू नये, बहिष्कार घालावा,' असे व्रतस्थ साथी म्हणतात. त्यांच्या साधेपणाविषयी आदर आहे. ज्या देशात लाखो मुले अर्धपोटी झोपतात तेथे उधळपट्टीची लाज वाटलीच पाहिजे. पण बहिष्काराने नेमके काय साधते? गिऱ्हाईक आटले तर मालक पहिली कपात भांडी घासणाऱ्यात करील. आपण न खाल्ल्याने आपले मन शुद्ध राहील, त्या पोऱ्याची चूल मात्र विझेल. कामगारांनी स्वतः हाक दिली तर बहिष्कार हे शस्त्र ठरते. कामगारांना न विचारता घातलेला बहिष्कार हा उपवास ठरतो. शिवाय या भूमिकेला आणखी एक धोका चिकटलेला आहे. 'परदेशी खाणे नको' हे वाक्य आपण दारिद्र्याच्या दुःखातून उच्चारतो आणि संस्कृतिरक्षक ते द्वेषातून उच्चारतात. रस्त्यावर दोन्हींचा आवाज एकच ऐकू येतो. मासे खाणाऱ्याला, डुक्कर खाणाऱ्याला, आंबवलेले सोयाबीन शिजविणाऱ्या नागा मुलीला घर नाकारणाऱ्या टोळीस आपल्याकडून चुकूनही शब्द उसना मिळता कामा नये.

उदारमतवादी मित्रांनाही दोन शब्द. दुसऱ्या देशाचे अन्न चाखल्याने पूर्वग्रह काही अंशी सैल होत असतील. परंतु सुशी खाणाऱ्या सोसायटीतच नागा भाडेकरूला प्रवेश नसतो, हे आपण पाहतो. जिभेने आशिया जिंकला म्हणून मनाने जातीचा उंबरठा ओलांडला असे होत नाही. आंतरराष्ट्रीयता ही चव नव्हे; ती श्रमिकाने श्रमिकाशी जोडलेली नाळ आहे.

काय करावयाचे?

हॉटेल कामगार संघटित होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास चाळावा. जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगार चळवळीतील आपल्या उमेदवारीच्या काळात प्रथम मंगळुरास आणि पुढे मुंबईत हॉटेल कामगारांतच काम केले. रात्री हॉटेले बंद झाल्यावर फरशीवर झोपणाऱ्या पोरांना तेव्हाही कोणी कामगार मानीत नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या, सावकाराच्या व्याजात पिचलेल्या त्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळू लागले आणि स्वतःचे नाव मिळाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या. त्याच जमिनीवर आज काचेची भोजनगृहे आहेत. तेथील स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची एकत्रित संख्या एखाद्या गिरणीच्या खात्यापेक्षा कमी नसेल. फरक इतकाच की, गिरणीच्या दारावर लाल झेंडा होता आणि येथे कोणाचाच नाही.

तो झेंडा लावण्याचे काम कठीण आहे. कामगार चार राज्यांतून व शेजारच्या देशातून आलेले, भाषा निरनिराळ्या, सहा महिन्यांत नोकरी बदलणारे. मराठीतून भाषण ठोकून हे व्हावयाचे नाही. त्यासाठी काही गोष्टी तातडीने हाती घ्याव्यात. मुंबई, पुणे आणि गोवा येथे हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये ईशान्येकडील व नेपाळी कामगारांची स्वतंत्र समिती असावी आणि तिचे नेतृत्व त्यांच्याकडेच असावे. थाई कायद्याने ब्रह्मी कामगारास जे नाकारले ते आपण आपल्या युनियनमध्ये नाकारता कामा नये. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र, ठरलेले तास आणि जादा कामाचा दुप्पट दर मिळावा. बक्षिशीच्या पेटीचा हिशेब कामगारांच्या प्रतिनिधीसमोर उघडला जावा. नोकरी गेल्यावर निवासाची सोय किमान महिनाभर राहावी. आस्थापना कायद्याची मर्यादा वीसवर नेण्याचा डाव हाणून पाडावा. किनाऱ्यावर मच्छीमार संघटनांच्या साथीने नौकांवरील खलाशांची नोंद, विमा आणि लेखी करार यांची मागणी लावून धरावी. थायलंडने स्वीकारलेला श्रम संघटनेचा तो करार भारत सरकारनेही स्वीकारून अमलात आणावा, असा ठराव प्रत्येक जिल्हा शाखेने करावा.

हे काम परोपकाराचे आहे असे कोणी समजू नये. जपानमध्ये १९९३ पासून 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' या गोंडस नावाने परदेशी मजूर आणले गेले आणि त्यांची इतकी पिळवणूक झाली की २०२४ साली तेथील संसदेला ती योजना बदलण्याचा कायदा करावा लागला. २०१९ पासून तेथे उपाहारगृहांसाठीही परदेशी कामगारांना परवाने मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात ५० हजार कुशल व अर्धकुशल भारतीय जपानला पाठविण्याची योजना आहे. याचा अर्थ, सांगलीचा किंवा सिंधुदुर्गाचा मुलगा उद्या ओसाकाच्या भटारखान्यात भांडी घासत असेल आणि तेथले गिऱ्हाईक त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा देश ठरवीत असेल. त्या दिवशी तेथल्या कामगार संघटनेने त्याला आपला मानावे असे वाटत असेल, तर परळच्या भोजनगृहातील मणिपुरी पोराला आज आपण आपला मानले पाहिजे.

म्हणून साथींना सांगणे एवढेच: त्या भोजनगृहात जावयाचे की नाही, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या खिशाशी व विवेकाशी करावा. पण त्या भोजनगृहाच्या मागल्या दाराशी, जेथे रात्री बारानंतर कचऱ्याचे पिंप बाहेर येते आणि दमलेली पोरे पायरीवर बसून विडी ओढतात, तेथे मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने गेलेच पाहिजे. जाताना सभासद पावतीपुस्तक बरोबर न्यावे.